पाण्यात उतरण्याआधीची पाच मिनिटं

बायकोने नवं यंत्र जेवणाच्या टेबलावर उघडलं तेव्हा डॉक्टर धास्तावले, कारण त्यांना ते यंत्र कळलं. न कळलेल्या गोष्टीला माणूस कसा बिनधास्त मान डोलावतो. पण डॉक्टर पडले भूलतज्ज्ञ. बावीस वर्षं ते ऑपरेशनच्या टेबलाशी बसून लोकांना झोपवत आणि, मुख्य म्हणजे, परत उठवत आले होते. बायकोच्या त्या डब्यात जे पांढरे खडे होते, तस्सेच त्यांच्या भुलीच्या मशीनमध्येही असतात. सोडलेला श्वास खड्यांतून जातो, खडे त्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतात, वरून थोडा ऑक्सिजन मिसळला की तीच हवा पुन्हा छातीत. पाणबुडे याला रिब्रीदर म्हणतात.

"म्हणजे माझंच मशीन तू पाठीवर बांधून पाण्यात नेणार," डॉक्टर म्हणाले.

"तुझ्यापेक्षा बरं आहे. ढकलत न्यावं लागत नाही."

ती माशांची अभ्यासक. शहराबाहेरच्या बंद पडलेल्या दगडखाणीत पाणी साचून खोल तळं झालं होतं, आणि त्याच्या तळाशी कपारीत एक मासा घरटं करायचा. मादी अंडी घालून चालती होई. नर दहा-बारा दिवस पोटाला चिमटा काढून राखण करी. साधं सिलिंडर घेऊन उतरलं की बुडबुड्यांच्या गडगडाटाने तो बिचकून पळायचा, आणि तेवढ्यात शेजारपाजारचे मासे अंडी फस्त करायचे. "मी मोजायला जाते आणि मोजण्यासारखं काही शिल्लक ठेवत नाही," ती म्हणे. हे तिला मनापासून लागलं होतं. रिब्रीदरमधून बुडबुडे निघत नाहीत. अंड्यांचा हंगाम दोन महिन्यांत संपणार होता. त्याआधी शिकून उतरायचं, नाहीतर अख्खं वर्ष थांबायचं.

डॉक्टरांनी तिला अडवायचं ठरवलं होतं. ओरडून नाही, तो त्यांचा पिंड नव्हता. ते चहा पिता पिता मुद्दे काढत.

"माझ्याकडे पेशंट एक आणि लक्ष ठेवणारा दुसरा. तुझ्याकडे दोन्ही तूच."

"तीन सेन्सर आहेत. मनगटावर ऑक्सिजनचा आकडा दिसतो. शिवाय काखेत वेगळं सिलिंडर असतं. काही झालं की ते तोंडात घ्यायचं."

"काही झालंय हे कळलं तर ना."

"मला माझं शरीर कळतं रे. सोळा वर्षं उतरतेय."

'डॉक्टर, मला काही झोप येत नाहीये' असं म्हणणारे पेशंट त्यांनी शेकड्याने पाहिले होते. त्यातल्या निम्म्यांचं वाक्य पुरं झालं नव्हतं.

सासऱ्यांचाही फोन आला. "जावईबापू, तुम्ही तरी समजवा तिला."

"बाबा, ती पाच वर्षांची होती तेव्हा तुमच्या हातात होतं. माझ्या हातात आली ती अशीच आली."

दोघंही हसले, पण हसण्यात काही दम नव्हता.

शिकवणाऱ्याला सगळे मास्तरच म्हणत. त्यांनी तिच्याकडून दहा वेळा डबा भरून घेतला. खडे टिचक्या मारून असे बसवायचे की मध्ये पोकळी राहू नये, नाहीतर श्वास तिथूनच पळवाट काढतो. मग पोहण्याच्या तलावात तिची खरी फजिती झाली. साध्या सिलिंडरवर छाती भरली की माणूस जरा वर उचलला जातो. इथे हवा यंत्रातून छातीत आणि छातीतून यंत्रात, त्यामुळे शरीर जिथल्या तिथे. सोळा वर्षांची सवय मोडताना ती अगदी रडकुंडीला आली. घरी आल्यावर यंत्र जोडण्याच्या पायऱ्यांची यादी पाठ करायची. डॉक्टर चष्मा लावून एकेक ओळ विचारत आणि चुकली की मनात खूश होत. मग त्या खुशीची त्यांना लाज वाटे.

कारण हिशेब सरळ होता. धोका त्यांच्याही टेबलावर होताच. रोज सकाळी ते बाहेर बसलेल्या नातेवाइकांना आकडे सांगत, 'काळजी करू नका' म्हणत आणि आत जात. आपल्याला भीती वाटते म्हणून त्यांनी कुणाचं ऑपरेशन कधी रद्द केलं नव्हतं. पण ती माणसं परकी होती. ही त्यांची होती.

शेवटच्या परीक्षेच्या दिवशी डॉक्टरांनी रजा टाकली. खाणीच्या धक्क्यावर बाकावर तिने यंत्र जोडायला घेतलं. मध्येच ऑफिसचा फोन आला, कुठलासा अहवाल सापडत नव्हता. ती खांद्याने फोन धरून बोलत राहिली, हात चालू राहिले, यादीवर खुणा होत राहिल्या. मग नाकाला चिमटा लावून ती बसली. उतरण्याआधी पाच मिनिटं नुसतं बसून यंत्रातून श्वास घ्यायचा, असा नियम.

"ऑक्सिजन झकास," तिच्या मनगटाकडे बघत मास्तर म्हणाले.

डॉक्टरांना मनगटाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांची नजर सवयीने छातीवर गेली. तिसऱ्या मिनिटाला त्यांनी श्वास मोजले तर सव्वीस. स्वस्थ बसलेल्या माणसाचे चौदा-पंधरा व्हायला हवेत. खांदे वर-खाली होत होते, कपाळावर घाम होता.

"काढ ते तोंडातलं."

तिने डोळे वटारले आणि बोटांनी 'सगळं ठीक' अशी खूण केली.

"डॉक्टर, आकडे बरोबर आहेत," मास्तर म्हणाले.

"ते ऑक्सिजनचे! कार्बन डायऑक्साइडचा आकडा तुमचं यंत्र दाखवतच नाही. काढ म्हणतो ना!"

तिने नळीचा खटका बंद केला आणि नळी तोंडातून ओढून काढली. "तुला हेच हवं होतं! महिनाभर... निमित्त शोधतोयस. मला काही... काही होत नाहीये!" धाप लागल्याशिवाय तिला वाक्य पुरं करता येत नव्हतं, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

मास्तरांनी मुकाट्याने डबा उघडला. झाकणाखालची रबरी रिंग नव्हती. ती बाकावर टॉवेलखाली सापडली. रिंगेशिवाय श्वास खड्यांना वळसा घालून जसाच्या तसा परत येत होता. मास्तरांचा चेहरा पडला. त्यांनी यादीवरची खूण पाहिली होती, रिंग पाहिली नव्हती.

ती डोकं धरून बसली. धाप ओसरल्यावर म्हणाली, "मी मनात तुला काय काय बोलले."

"कार्बन डायऑक्साइड चढला की माणूस चिडतो."

"तसं नाही रे. तू खोटं बोलतोयस अशी मला खात्री होती. शंभर टक्के. खाली असते तर याच खात्रीने पोहत राहिले असते."

डॉक्टरांच्या तोंडाशी 'सोडून दे' आलं होतं. तिच्या पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी ते गिळलं. मास्तरांनी सगळ्यांना घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तोच बाक. तिने फोन बंद करून गाडीत ठेवला. मास्तरांनी स्वतः रिंगेवर बोट फिरवून पाहिलं, मगच झाकण लागलं.

"मी आकडा बघणार, मास्तर यादी बघणार, तू मला बघ," ती डॉक्टरांना म्हणाली. "खालीही मास्तर हातभर अंतरावर राहून माझे श्वास मोजतील, तसं ठरलंय आमचं. पण उतरायचं की नाही हे तू सांगायचं. नको म्हणालास तर नाही उतरणार. कारण विचारणार नाही."

आणि ती श्वास घेऊ लागली. पहिल्या मिनिटाला चौदा. तिसऱ्या मिनिटाला चौदा. पाचव्यालाही चौदाच.

तेव्हा डॉक्टरांच्या ध्यानात आलं, की चौदाऐवजी 'चोवीस' एवढंच म्हटलं की संपलं. हंगाम गेला, आणि तिचा धीर असा खचेल की यंत्र बहुधा माळ्यावर जाईल. ती विश्वास ठेवेल. काल तिने खऱ्यावर ठेवला नव्हता, आज खोट्यावरही ठेवेल. बावीस वर्षांत त्यांनी एकही आकडा चुकीचा सांगितला नव्हता, आणि एखादा सांगावा असं इतकं जीव तोडून कधी वाटलंही नव्हतं.

"काय डॉक्टर?" मास्तरांनी विचारलं.

तिची नजर मनगटावरून उठून त्यांच्यावर आली.

"चौदा," ते म्हणाले.

तिने खटका बंद करून नळी क्षणभर बाजूला केली. "एवढं सांगायला इतका वेळ?"

"पुन्हा एकदा मोजले," डॉक्टर खोटं बोलले, आणि तिचा पट्टा आवळून द्यायला खाली वाकले.