कवठाच्या झाडाबाबत एक हरकत

गल्लीत कुणालाही नगर परिषदेकडं काही मागायचं असलं की तो आधी नागनाथ गुरुजींच्या दारात यायचा. खांबावरचा दिवा गेला, नालीवरचा ढापा फुटला, घंटागाडी चार दिवस फिरकली नाही, पोराच्या जन्मदाखल्यात बापाचं नाव चुकलं, काहीही असो. गुरुजी चष्मा लावत, कागदाला डावीकडं समास सोडत आणि ‘प्रति, मा. मुख्याधिकारी’ असं सुरू करत. जिल्हा परिषदेच्या शाळेत पस्तीस वर्षं शिकवलेलं अक्षर. अर्ज वाचून साहेबलोकही दोन मिनिटं थांबतात, असं गल्लीत म्हणत. प्रत्येक अर्जाची एक प्रत गुरुजी स्वतःच्या फाइलीत लावून ठेवायचे. सेलूसारख्या गावात सगळं मिळतं, फक्त नीट मागता आलं पाहिजे, हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं.

अर्जासाठी आलेल्या माणसाला चहा करून द्यायचं काम सरजाबाईंचं. त्या वालूरच्या. सातवीपर्यंत शिकलेल्या, पण लग्नानंतर लिहायचं काम पडलं ते बचत गटाच्या सहीपुरतं. घरात लिहिणारा माणूस असल्यावर दुसऱ्यानं कशाला लिहावं, असं त्यांना कधी वाटलंही नव्हतं.

त्यांच्या अंगणात कवठाचं झाड होतं. प्लॉट घेतला तेव्हापासूनचं. गुरुजी निवृत्त झाल्यावर पुढची खोली त्यांची झाली. तिथं टीव्ही, पेपर, अर्जवाली माणसं. सरजाबाईंनी आपली लोखंडी बाज कवठाखाली टाकली. दुपारची भांडी झाली की त्या तिथं बसायच्या. शेजारच्या कस्तुराबाई तूर निवडायला सूप घेऊन यायच्या, मागून आणखी दोघी-तिघी. कुणी गोधडीला टाके घालायची, कुणी नुसतीच बसायची.

मुलगा सिद्धोधन संभाजीनगरला कंपनीत होता. त्यानं यंदा गाडी घेतली. पहिल्यांदा गाडी घेऊन आला तेव्हा ती रात्रभर रस्त्यावर उभी राहिली आणि सकाळी दारावर कुणीतरी ओढलेला लांबलचक ओरखडा दिसला. सिद्धोधन काही बोलला नाही. गुरुजींना मात्र ते फार लागलं. चार दिवसांनी जेवताना ते म्हणाले, “अंगणात शेड मारू. कवठ काढलं की गाडी आरामात बसती.”

“झाड कशाला पाडता?” सरजाबाई भाकरी वाढत म्हणाल्या.

“आगं, पाला झाडून झाडून तुझीच कंबर धरतीय. आन कवठं पत्र्यावर धाडधाड पडत्यात, ते येगळंच.”

त्यांनी पाण्याचा पेला उचलला. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला होता. त्याच संध्याकाळी त्यांनी अर्ज लिहिला. झाड तोडायला परवानगी लागते हे त्यांना ठाऊक होतं, आणि नियमाबाहेर जायचं नाही हा त्यांचा बाणा होता.

पंधराएक दिवसांनी नगर परिषदेतली भक्ती नावाची मुलगी एका शिपायाला घेऊन आली. गुरुजी त्या दिवशी डोळे तपासायला परभणीला गेले होते. भक्तीनं बुंध्याला टेप लावून घेर मोजला, मोबाइलवर फोटो काढले आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेली नोटीस सुतळीनं झाडाला बांधली.

“खिळा मारा की, वाऱ्यानं उडंल,” सरजाबाई म्हणाल्या.

“झाडाला खिळा मारत नाहीत, मावशी,” भक्ती म्हणाली. पाणी पिऊन ती गेली.

मग सरजाबाई झाडाजवळ गेल्या आणि नोटीस वाचू लागल्या. अक्षर बारीक होतं. अर्जदार, नागनाथ सोनाजी वाव्हळे. वृक्षाचा प्रकार, कवठ. कारण: ‘वृक्षाच्या पालापाचोळ्यामुळे अर्जदाराच्या पत्नीस झाडलोटीचा व कंबरदुखीचा त्रास होत असल्याने तसेच वाहनासाठी जागा आवश्यक असल्याने.’ खाली लिहिलं होतं, ‘वृक्ष तोडण्याबाबत कोणाही नागरिकाची हरकत असल्यास सात दिवसांच्या आत लेखी कळवावे.’

त्यांनी ते दोनदा वाचलं. राग आला असं नाही. शेजारच्या खोलीत आपल्याबद्दल कुणी बोलतंय आणि ते भिंतीआडून ऐकू यावं, तसं काहीतरी झालं. त्यांचा त्रास नगर परिषदेत जाऊन छापून झाडावर येऊन लागला होता, आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

दोन दिवस त्या झाडाखालून येता-जाता नोटिशीकडं बघत राहिल्या. तिसऱ्या दिवशी गुरुजी पाथरीला एका लग्नाला गेले. सरजाबाईंनी कपाटातून फाइल काढली, हाताला लागला तो एक जुना अर्ज समोर ठेवला आणि त्याच्याकडं बघत बघत कोऱ्या कागदावर ‘प्रति’ लिहिलं. कस्तुराबाई सूप घेऊन आल्या तेव्हा त्या तिसऱ्या कागदावर होत्या.

“काय लिव्हायलाव?”

“अर्ज.”

“कुणाचा?”

“माझा,” सरजाबाई म्हणाल्या. कस्तुराबाईंनी पुढं विचारलं नाही. त्या तूर निवडत बसल्या.

बाजारच्या दिवशी सरजाबाई पिशवी घेऊन निघाल्या आणि आधी नगर परिषदेत गेल्या. इतकी वर्षं या इमारतीबद्दल घरात ऐकलं होतं, पण आत पाय पहिल्यांदाच पडत होता. घरपट्टीच्या खिडकीपुढं रांग होती. जन्म-मृत्यूच्या टेबलाशी एक बाई बाळ मांडीवर घेऊन बसली होती. भक्तीचं टेबल टोकाला होतं. तिनं कागद घेतला, वाचला, पुन्हा वाचला.

“मावशी, हे तर तुमच्याच घरचं झाड आहे.”

“व्हय.”

“आणि अर्ज गुरुजींचा आहे.”

“व्हय. पण कोणाही नागरिकाची म्हणून लिव्हलंय तुमी. घरातला नागरिक चालत न्हाई का?”

भक्ती हसली नाही. तिनं पेन खाली ठेवलं, जरा विचार केला आणि कागद घेऊन आत गेली. सरजाबाई बाकावर पिशवी मांडीवर धरून बसल्या. आपण उठून जावं, असं त्यांना एकदा वाटलं. तेवढ्यात भक्ती आली.

“चालतं, मावशी.”

तिनं कागदावर आवक शिक्का मारला, नंबर टाकला आणि सोबत आणलेल्या प्रतीवरही तसाच शिक्का मारून ती परत दिली. मग हळूच विचारलं, “घरी सांगितलंय ना?”

“कागद येईलच की घरी,” सरजाबाई म्हणाल्या, आणि वांगी घ्यायला बाजारात गेल्या.

कागद आला. गुरुजींनी पाकीट फोडलं आणि सवयीप्रमाणं मोठ्यानं वाचायला लागले. “आपल्या अर्जावर हरकत प्राप्त झाली असून सुनावणी... हरकतदार, सौ. सरजाबाई नागनाथ...” तिथं ते थांबले. चष्मा काढून पुसला, परत लावला.

“हे काय हाय?”

“तेच. हरकत.”

“मला सांगायचं ना घरी.”

“सांगितलं की. जेवताना.”

“कधी?”

ते खरंच विचारत होते. त्यांना आठवत नव्हतं. सरजाबाईंच्या हे लक्षात आलं आणि त्यांना जरा वाईट वाटलं. गुरुजी खुर्चीवर बसले. म्हणाले, “गावभर लोकांचे अर्ज मी लिहितो. आन माझ्याच घरातून माझ्यावर अर्ज. लोकं काय म्हणतील?”

“तुमच्यावर न्हाई. झाडावर हाय.”

दोन दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. तिसऱ्या दिवशी गुरुजींनी फाइल काढली तर सगळ्यात वर सरजाबाईंच्या अर्जाची प्रत, शिक्क्यासकट, भोकं पाडून नीट लावलेली. ते बराच वेळ वाचत होते. अर्ज सहा ओळींचा होता. स्वयंपाकघराच्या दारात येऊन ते म्हणाले, “‘महोदय’ लिव्हलंस. मुख्याधिकारी मॅडम हायेत. ‘महोदया’ पाहिजे.”

“तुमच्याच अर्जातलं उतरून घेतलं.”

“तो जुना हाय. तवा साहेब होते.”

“बरं,” त्या म्हणाल्या. गुरुजी परत गेले. त्या दिवशी त्यांनी दुसऱ्यांदा चहा मागितला.

सुनावणीला दोघं एकाच ऑटोनं गेले. मुख्याधिकारी मॅडम तिशी-पस्तिशीच्या, शांत. भक्ती बाजूला लिहून घ्यायला बसली होती. मॅडमनी आधी गुरुजींना बोलायला सांगितलं. गुरुजी उभे राहिले, बसा म्हटल्यावर बसले आणि मुद्देसूद बोलले. गाडी, ओरखडा, पत्र्यावर पडणारी कवठं, पाला, पत्नीची कंबर.

मॅडम सरजाबाईंकडं वळल्या. “तुम्हाला कंबरदुखीचा त्रास आहे?”

“हाय. पण तो झाडाचा न्हाई. वयाचा हाय.”

भक्तीनं लिहून घेतलं. सरजाबाई त्या लिहिणाऱ्या हाताकडं बघत होत्या.

“मग झाड का राहावं असं तुम्हाला वाटतं?”

अर्जात लिहिलेलं सगळं त्या क्षणी त्या विसरल्या. टेबलाची कड धरून म्हणाल्या, “मॅडम, घरात माणसं येत्यात ती यांच्याकडं येत्यात. रोजच येत्यात, चांगलंच हाय. मी चहा देते. पण झाडाखाली येत्यात त्या माझ्याकडं येत्यात. दुपारी दोन ते पाच. कस्तुराबाईला सुनेचं काही बोलायचं असलं तर ती घरात बोलू शकत न्हाई, हितं बोलती. झाड गेलं तर मी बसू कुठं? शेडमधी? तिथं गाडी असंल.”

गुरुजी समोरच्या भिंतीकडं बघत होते. दोन ते पाच या वेळात ते पुढच्या खोलीत डुलकी घ्यायचे. झाडाखाली बाया बसतात हे त्यांनी हजारदा पाहिलं होतं. ती जागा कुणाची आहे, हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता.

“अर्जदाराला यावर काही म्हणायचं आहे?” मॅडमनी विचारलं.

गुरुजींना कायम काहीतरी म्हणायचं असे. आज ते म्हणाले, “न्हाई.” मग जरा वेळानं, “पत्र्यावरच्या फांदीचं तेवढं बघा, मॅडम. ती खरंच धोक्याची हाय.”

“फांदीला माझी हरकत न्हाई,” सरजाबाई लगेच म्हणाल्या.

मॅडमनी दोघांच्या सह्या घेतल्या. आदेश घरी येईल, म्हणाल्या. बाहेर पडल्यावर गुरुजींनी ऑटोला हात केला नाही. दोघं चालत निघाले. उन्हातून बरंच अंतर गेल्यावर ते म्हणाले, “येवढं सगळं मला घरी का न्हाई सांगितलंस? मी ऐकत न्हाई का तुझं?”

सरजाबाईंनी थोडा विचार केला. “ऐकता. पण तुमी लगेच उत्तर देता. त्या पोरीनं लिहून घेतलं.”

रसवंतीपाशी थांबून गुरुजींनी दोन ग्लास उसाचा रस सांगितला.

आठ दिवसांनी आदेश आला. वृक्षतोडीस परवानगी नाकारण्यात येत असून छतावर आलेली एक फांदी छाटण्यास मुभा. फांदी छाटायला माणूस आला तेव्हा गुरुजी खालून बोट दाखवत होते आणि सरजाबाई बाजेशेजारी उभ्या होत्या. त्यानं दुसऱ्या फांदीला हात घातला तेव्हा त्या म्हणाल्या, “ती न्हाई,” आणि गुरुजींनीही वरच्याला तेच सांगितलं. गाडीचा प्रश्न कस्तुराबाईंच्या घरामागच्या मोकळ्या जागेनं सुटला. सिद्धोधनला फोनवर सगळी हकिकत कळली तेव्हा तो बराच वेळ हसला आणि म्हणाला, “आई, पुढच्या वेळी माझ्या गाडीवर तरी हरकत घेऊ नको.”

पुढच्याच आठवड्यात एका दुपारी गुरुजींची झोप मोडली. ते खुर्ची उचलून अंगणात आले. बाजेवर, जोत्यावर, पोत्यावर मिळून पाचजणी होत्या. गुरुजी आल्यावर बोलणं एकदम थांबलं. एकीनं पदर सारखा केला.

“बसू का जरा?” गुरुजींनी विचारलं.

सरजाबाईंनी बायांकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं. “पाचनंतर या,” त्या म्हणाल्या. आवाजात काही राग नव्हता.

गुरुजींनी खुर्ची उचलली आणि आत गेले. पाच वाजून गेल्यावर, बाया सुपं आणि गोधड्या आवरून गेल्यावर, ते परत बाहेर आले. खुर्ची आणली नव्हती. बाजेच्या कडेला बसले. सरजाबाई पायाशी पडलेला पाला हातानंच एका बाजूला सारत होत्या.

“आज काय बोलणं चाललं होतं?” त्यांनी विचारलं.

“काय न्हाई,” सरजाबाई म्हणाल्या, आणि मग सांगत बसल्या.