दारापलीकडचा प्रश्न

देवयानीच्या जर्मनच्या पाच वह्या भरल्या होत्या, आणि तोंडातून एक वाक्य निघत नव्हतं. भंवरकुआं चौकातल्या क्लासमधली पोरं मात्र चुकीचं बोलत आणि दणकून बोलत. "गलत तर गलत, भिया, बोलायचं!" हे त्यांच्यातल्या अर्पितचं धोरण. मुली वह्या छातीशी धरून हसत.

"उद्या तिथं वही कुणी बघणार नाही," शिकवणाऱ्या खुशी मॅडम म्हणाल्या. "देवयानीजी, तोंडी परीक्षेत अशाच गप्प राहिलात, तर जर्मनीतली नर्सची नोकरी गेली समजा."

लाजते बिचारी, असं सगळ्यांना वाटे. वाटू दे बापडं.

घरात जर्मन होती ती मुकुलची, तिच्या थोरल्या भावाची. गच्चीवर येरझारा घालत तो इतक्या मोठ्यानं पाठ करी, की शेजारच्या काकू आईला विचारत, "वहिनी, मुकुल कुणाशी भांडतोय हो?" दोन वर्षांपूर्वी बेटमा गावाजवळ त्याची मोटरसायकल ट्रकखाली आली आणि तो गेला. पुढं देवयानीनं त्याचं पुस्तक उघडलं, एकच वाक्य मोठ्यानं वाचलं, आणि स्वयंपाकघरातून आईची हाक आली, "मुकुल, चहा ठेवू का रे?"

तेव्हापासून ती ओठ मिटून शिकली.

मॅडमच्या बोलण्यानंतर त्या दुपारी मात्र इलाज नव्हता. तिनं खोलीचं दार लावलं आणि बोलली. आवाज तिचा, पण हेल त्याचाच. स्वयंपाकघरातलं लाटणं थांबलं. पावलं आली, दाराशी थबकली.

"वी हाइसन झी?" बाहेरून आईनं विचारलं. आपलं नाव काय?

आठवी शिकलेल्या आईला हे कुणी शिकवलं? कुणीच नाही. गच्चीखाली पोळ्या लाटताना वर्षानुवर्षं कानावर पडलं, तेवढंच.

देवयानी काहीतरी पुटपुटली.

"जोरात बोल ना," आई म्हणाली. "मला अजून तोच ऐकू येतोय गं. तुझं नाव सांग."

"इश हाइसे देवयानी."

"परत."

"इश हाइसे देवयानी!"

मग पुढचा प्रश्न आला, थेट मुकुलच्या हेलात. दार दोघींपैकी कुणीच उघडलं नाही. देवयानी मोठ्यानं उत्तरं देत राहिली.