सांडण्यासाठी भरलेला

मी एक पेला बोलतोय. चांदीचा नाही, काचेचाही नाही, साधा प्लास्टिकचा. साच्यातून सहा भावंडं एकदम बाहेर पडलो. चौघं कुणाच्या तरी घरी सरबताला लागली. आम्ही दोघं दवाखान्यात आलो, तेव्हा वाटलं, आता औषधं पाजायची, जीव वाचवायचे!

कसलं काय! डॉक्टरीणबाईंनी मला काठोकाठ भरलं आणि हात थरथरणाऱ्या एका आजोबांना म्हणाल्या, "यातलं पाणी त्या पेल्यात ओता." जितकं सांडेल तितका कंप जास्त, शून्यापासून चारपर्यंत गुण. पाणी धरून ठेवणं हा पेल्याचा धर्म. माझं पोट मात्र सांडण्यावर चालतं.

एकदा एक न्हावी बायकोबरोबर आला. बाई संगणकाकडे वळल्या, तेवढ्यात त्याने मला दोन्ही हातांनी तोंडाला लावून निम्म्याहून जास्त रिकामा केला. मी मूर्ख, हुरळून गेलो. कुणीतरी मला प्यायला उचललं होतं! उरलेलं त्याने माझ्या भावात ओतलं. थेंबही सांडला नाही.

"वा! मग औषध वाढवायला नको."

"अहो बाई, आधी यांच्या मिशा बघा!" बायको म्हणाली. मिशांतून पाणी ठिबकत होतं. "घरी घास नाकाला लागतो, आणि इथे शहाणपणा!"

न्हावी हिरमुसला. "आकडा जास्त आला तर तुम्ही वस्तरा सोडायला लावाल. मग मी कशाचा न्हावी?"

"आकडा खोटा आला, तर औषधही चुकीचंच देईन. मग चमचाही सुटेल."

मला पुन्हा भरलं. या वेळी मी टेबलावर सांडलो, बाईंच्या चपलांवर सांडलो. भावाच्या वाट्याला जेमतेम घोटभर आलं.

"चार," बाई म्हणाल्या. औषध बदललं. "वस्तरा मात्र बाजूला ठेवाच. कात्रीचं, औषधाचा गुण आल्यावर बघू."

बायको रुमालाने टेबल पुसत म्हणाली, "केस भाऊजी कापतील. तुम्ही शेजारी बसून गप्पा हाणा. गिऱ्हाइकं त्यासाठीच येतात. केस काय, तुम्ही आधीही वाकडेच कापत होतात!"

त्याने डोळे वटारले आणि मग हसला. हसताना तो अंगभर हलला. त्या हलण्याला मात्र कुणी गुण दिले नाहीत.

आता माझ्या अंगावर ओरखडे पडलेत, काठही एका जागी तडकलाय. तुमची पाळी आली, तर मला बिनधास्त सांडा, लाजू नका. तहान लागली असेल, तर बाहेर पाण्याचं पिंप आहे.