फाटकाबाहेरची चूल

“रविकिरण, आज मला आत जायाचंय,” पोह्यांच्या पातेल्यावर परात झाकत सरजाबाई म्हणाली.

सहलीचा व्यवस्थापक रविकिरण हातातल्या कागदावर प्रवाशांच्या नावापुढं खुणा करत होता. वर न बघताच त्याने विचारलं, “कुठं आत?”

“कुठं म्हंजी? ह्या फाटकातून. जंगलात.”

बसची काच पुसणारा ड्रायव्हर वैजनाथ फडकं हातात धरून थांबला. “मावशी, चेष्टा करायलाव का? तुम्ही कवा आत गेलाच न्हाईत?”

“कवा जाऊ? तुमी समदे आत जाताव तवाच तर माजी डाळ चढती.”

बस लातूरची होती. दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये ती चौतीस माणसं घेऊन कोकणात उतरायची. ‘समुद्रकाठची अभयारण्यं, आठ दिवस’ असा फलक तिच्या कपाळावर बांधलेला असे. मालवणचा समुद्र, वेळासच्या कासवांची पिल्लं, कर्नाळ्याची पाखरं, फणसाडचं जंगल. यंदा फणसाड शेवटी ठेवलं होतं. बसच्या पोटात गॅसच्या टाक्या, दोन शेगड्या, लाकडी काटवट आणि लातूरहून आणलेलं ज्वारीचं पीठ असायचं. कारण आपल्याकडची माणसं भाताच्या मुलखात दोन दिवस हौसेनं राहतात, तिसऱ्या दिवशी भाकरीसाठी कासावीस होतात. त्या भाकरीसाठी चाकूरच्या सरजाबाईला बसमध्ये जागा मिळाली, त्याला आता चौदा वर्षं झाली होती.

चौदा वर्षांत तिला ही सगळी ठिकाणं पाठ झाली होती, पण तिच्या पद्धतीनं. मालवणला ज्या घरी उतरायचे तिथलं पाणी मचूळ, डाळ हट्टाला पेटायची. म्हणून मालवणला पिठलं. वेळासला वाऱ्यापुढं शेगडी टिकायची नाही, पत्र्याचा आडोसा बांधावा लागे. कर्नाळ्याला माकडं अशी धीट की भाकरीच्या टोपलीवर पाय देऊन बसावं. आणि फणसाडच्या फाटकासमोर ही आमराई, आमराईत विहीर, विहिरीचं पाणी गोड. इथं डाळ टाकली की शिजलीच. म्हणून येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याचं पीठ लावलेली, आमटी फक्त फणसाडला.

फाटकाच्या आत काय असतं, ते तिला जेवणाच्या पंगतीत कळायचं. भुकेली माणसं घास घेता घेता बोलायची आणि सरजाबाई वाढता वाढता ऐकायची.

“मावशी, पुढच्या वर्षी बघा की निवांत,” रविकिरण म्हणाला. “आज एक वाजता ताटं पडली पाहिजेत. संध्याकाळी गाडी परतीला लागायची.”

“पुढल्या वर्षी तुजी मावशी कुठं आसंल रं?”

रविकिरणनं नजर परत कागदात घातली. मालकांनी पुढच्या वर्षापासून हॉटेलातल्या जेवणाचं ठरवलं होतं आणि ते सरजाबाईला सांगायचं काम त्याच्याच गळ्यात पडलं होतं. मालवणला भांडी घासताना तिच्याशेजारी उकिडवं बसून, तिच्याकडं न बघता, त्यानं ते सांगून टाकलं होतं. ती म्हणाली होती, “बरं,” आणि परातीवर राख जरा जास्त जोरानं घासली होती.

“जाऊ दे तिला. भाकरी मी थापते.”

आंब्याच्या बुंध्याशी खुर्ची टाकून कंधारच्या मंजुळाबाई गुडघ्यांना तेल चोळत बसल्या होत्या.

“काकू, तुम्ही प्रवासी आहात. तुम्हाला कसं कामाला लावू?”

“तू कोण रे मला कामाला लावणारा? गुडघे चालंनात म्हणून काय हात बी बसलेत का? आत जाऊन मी काय झाडावर चढणार हाय?” मग त्या सरजाबाईकडं वळल्या. “आन् तू काय बघत उभी राहिलीस? काटवट आण इकडं.”

सरजाबाईला हसू आलं. मंजुळाबाईंची ही तिसरी सहल. पहिल्या वर्षी त्या नवऱ्याबरोबर आल्या होत्या. सरजाबाईच्या गळ्यातलं बाबासाहेबांचं लॉकेट त्यांनी पहिल्याच पंगतीला पाहिलं आणि ‘मला उपास आहे’ म्हणाल्या. तो उपास तीन दिवस चालला. तीन दिवस केळी. चौथ्या दिवशी याच आमराईत येसराच्या आमटीला उकळी फुटली, वास सुटला आणि मंजुळाबाईंनी न बोलता ताट पुढं केलं. सरजाबाईनंही न बोलता वाढलं. त्यावर दोघी पुन्हा कधी बोलल्या नव्हत्या.

“आक्का, पीठ जपून वापरा. हितं दुसरं मिळायचं न्हाई.”

“मला भाकरी शिकवू नको, सरजा. आन् भूक लागली तर पिशवीत केळी हायती माझ्या. तुला ठावंच हायत.”

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं आणि एकदमच हसल्या. का हसल्या ते वैजनाथला कळलं नाही. त्याच्याकडं डाळ सोपवून सरजाबाईनं बजावलं, “येसर शेवटी लावायचं. आधी लावलंस तर बुडाला बसतंय. आन् उकळी आली की तिच्यापसून हलायचं न्हाई. तुजी गाडी हाय आसं समज.”

मंजुळाबाई सोडून उरलेल्या तेहतीस माणसांमागं ती चौतिसावी होऊन फाटकातून आत गेली.

तिला शेकरू बघायचं होतं. त्याला कारण होतं घरी.

तिचा नवरा केरबा विहिरी खोदणारा. सगळी उमर त्यानं जमिनीच्या पोटात घालवली होती. कुदळीच्या आवाजावरून खाली मुरूम आहे की पाषाण, ते तो सांगायचा. मग काचबिंदूनं डोळे गेले. हळूहळू गेले, कडेकडेनं. शेवटी उजेड तेवढा राहिला, मग तोही गेला. सरजाबाई पहिल्या सहलीवरून परतली तेव्हा तो ओट्यावर बसून वाट बघत होता. त्यानं आधी विचारलं, “पानी कसं व्हतं तिकडलं?” ते तिला सांगता आलं. मग त्यानं विचारलं, “आन् काय काय बघितलंस?” आठ दिवस लांब जाऊन मी शेगडीपाशीच बसून आले, हे काही तिच्या तोंडून निघेना. पंगतीत ऐकलेलं तिनं सांगायला सुरुवात केली. झाडाच्या शेंड्यावरचं शेकरू, मांजराएवढं, तांबड्या अंगाचं, फांदीखाली लोंबणारं झुबकेदार शेपूट. केरबानं मान वर केली, जणू ओट्याच्या आढ्यावरच ते बसलं होतं.

दरवर्षी तो विचारायचा, दरवर्षी ती सांगायची. या झाडावरून त्या झाडावर उडी मारलेली, पिल्लांसाठी घरटं बांधलेलं. शेजारी आले की केरबा त्यांना सांगे, “आमच्या सरजीनं सवता बघितलंय.” तेव्हा ती उगाच चुलीपाशी जाऊन लाकूड सारायची. एकदा तरी खरं बघायचं आणि मग सांगायचं, एवढंच तिच्या मनात होतं. आणि ‘एकदा’ म्हणायला आजचाच दिवस उरला होता.

आत गेल्यावर तिला आधी दिसलं ते जळण. वाळक्या फांद्या, गळालेल्या डहाळ्या, वाटेच्या दोन्ही बाजूंना ढीगच्या ढीग. तिचा हात आपोआप खाली गेला.

“आजी, इथली काडीसुद्धा उचलायची नाही,” पुढं चालणारा वाटाड्या म्हणाला.

“मंग करताव काय एवढ्याचं?”

“काही नाही. पडून राहतं, माती होते.”

“आगं माय,” सरजाबाई म्हणाली आणि पुढं कितीतरी वेळ त्या जळणाकडं बघत चालली.

झाडं उंच होती, वेली हातभर जाड. सावली अशी की फेब्रुवारीचं ऊन वरच्या वरच अडकून पडलं होतं. माणसं मात्र सारखी बोलत होती. कुणी फोटो काढत होतं, कुणी मुरमुऱ्याचा चिवडा. सरजाबाईची मान वर बघून अवघडली. तासाभरानं पुढून आरडाओरडा झाला.

“ते बघा! शेकरू! ते, ते!”

सगळे धावले. सरजाबाईही पदर खोचून धावली. सगळ्यांची बोटं एका शेंड्याकडं होती. शेंडा हलत होता. हलला, हलला आणि थांबला. पानांत पानं मिसळून गेली.

“केवढं मोठं होतं ना!”

“शेपूट बघितलं का? बाप रे!”

सरजाबाईनं डोळे चोळले. शेजारी निलंग्याच्या शाळेतल्या रूपालीबाई उभ्या होत्या. तिनं हळूच विचारलं, “म्याडम, तुम्हाला दिसलं का?”

रूपालीबाईंनी इकडंतिकडं पाहिलं. “खरं सांगू का मावशी? मला फांदीच दिसली. पण सगळेच दिसलं म्हणायलेत, तर मी एकटीनं न्हाई कसं म्हणू?”

सरजाबाई तिथंच थबकली. चौदा वर्षं ती ज्या शेकरूला घरी नेत होती, ते काय होतं? हललेली एक फांदी? तिला राग यायला हवा होता. पण आला तो हुंदक्यासारखा हसण्याचा एक कढ. तिनं तोंडाला पदर लावला.

पुढं पाणवठा होता. काळ्या दगडाच्या कपारीतून पाणी झिरपत होतं आणि खाली डबक्यात साठत होतं. वाटाड्या म्हणाला, गप्प बसलात तर काहीतरी पाण्यावर येईल. माणसं पाच मिनिटं गप्प बसली, मग कंटाळून पुढं निघाली. सरजाबाई मागं राहिली. वाटाड्याला विचारून तिनं दोन बोटं पाण्यात घातली. गार होतं. जिभेला लावलं. गोड.

पाण्यावर काही आलं नाही. वरून एक पान पडलं. लांब कुठंतरी एक पक्षी लाकडावर ठोकल्यासारखा आवाज करत होता, थांबत होता, परत ठोकत होता. वाटाड्यानं हाक मारली तशी ती उठली.

एक वाजता पंगत बसली. वैजनाथनं येसर वेळेवर लावलं होतं. घामानं भिजून तो वाढत होता.

“केवढं शेकरू बघितलं सांगू, कुत्र्याएवढं!” पंगतीत कुणीतरी म्हणालं.

रूपालीबाईंनी सरजाबाईकडं पाहिलं आणि मान खाली घालून आमटी भुरकली.

सरजाबाई वाढायला उठली, तर मंजुळाबाईंनी तिला खांद्याला धरून खाली बसवलं आणि तिच्यापुढं ताट ठेवलं. भाकरीच्या कडा जाड होत्या, एक बाजू करपली होती.

“कशी झालीय?”

“कडा जाड झाल्यात, आक्का.”

“गुमान खा. केळीपेक्षा बरी हाय.”

सरजाबाईनं सगळी भाकरी खाल्ली, करपलेल्या बाजूसकट.

जेवणं आटोपल्यावर ती विहिरीच्या कठड्याशी गेली आणि घरी फोन लावला. बऱ्याच वेळा घंटी वाजल्यावर केरबानं उचलला. बोटांनी चाचपून बटण दाबायला त्याला तेवढा वेळ लागतोच.

“पानी कसं हाय?” त्यानं विचारलं.

“गोड हाय. पाषाणातनं झिरपतंय. तुमी म्हनायचाव न्हाई का, विहिरीला पयला पाझर फुटल्यावर लागतं, तसं.”

“हाव. मग काळा पाषाण आसंल. आन् शेकरू?”

सरजाबाईच्या ओठांवर सगळं तयार होतं. तांबडं अंग, झुबकेदार शेपूट. तिनं आमराईपलीकडच्या फाटकाकडं पाहिलं.

“न्हाई दिसलं.”

“दुसरं काय?”

“कायबी न्हाई दिसलं. झाडं हायती. खाली जळण पडलंय ढिगानं, कुनी उचलत न्हाई, माती हुतंय म्हनं. एक पाखरू लाकडावर टकटक करत व्हतं. दिसलं ते बी न्हाई.”

पलीकडून ओट्याजवळ बांधलेल्या शेळीचा आवाज आला. मग केरबा हसला, अगदी हळू, स्वतःशीच हसल्यासारखा.

“हसाया काय झालं?”

“चौदा सालं तुला समदं दिसत आलं, सरजे. एक जनावर चुकलं न्हाई. आज पयल्यांदा म्हनतीस, कायबी दिसलं न्हाई.” तो थांबला. “आज गेलतीस व्हय आत?”

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“म्हंजी तुमाला ठावं व्हतं?”

“पान्याचं सांगायचीस तवा तुजा आवाज येगळा यायाचा.”

“मंग बोलला कामून न्हाईत?”

“मला आयकू वाटायचं,” केरबा म्हणाला. “ते टकटक कसं व्हतं, सांग बरं. लांब का जवळ?”

तिनं सांगितलं. किती वेळ ठोकायचं, किती वेळ थांबायचं, सगळं. विहिरीच्या कठड्यावर बोटांनी ठोकूनही दाखवलं. तो ऐकत राहिला.

उन्हं कलल्यावर बस निघाली. शेगड्या, काटवट, पत्र्याचे आडोसे शेवटचे पोटात गेले. मंजुळाबाई तिच्याशेजारच्या आसनावर येऊन बसल्या आणि तिच्या लुगड्याकडं बघून म्हणाल्या, “अगं, काठाला किती कुसळं लागलीत! थांब, काढते एकेक.”

“ऱ्हाऊ द्या, आक्का.”

“टोचतील की.”

“टोचू द्या,” सरजाबाई म्हणाली. “घरी त्यांच्या हाताला लागू द्या.”

आणि एकही कुसळ गळू नये म्हणून तो काठ तिनं गोळा करून मांडीवर घेतला, वर दोन्ही हात ठेवले आणि लातूर येईपर्यंत तशीच बसून राहिली.