सातवा रकाना

“आणि गंमत म्हणजे बाई, तुमच्या पुस्तकातून आपण पर्यायी भागांच्या चारशे बारा जोड्या घातल्या, आणि यंत्रानं आणखी जवळजवळ चारशे स्वतःच्या डोक्यानं शोधून काढल्या!”

सल्लागारांच्या, म्हणजे बाणवाल्यांच्या, चेहऱ्यावर पहिल्या नंबरानं पास झालेल्या मुलाचा आनंद होता. भिंतीवरच्या पडद्यावर गोलच गोल, आणि गोलागोलांना जोडणारे बाण. टेबलाभोवतीच्या सहा माणसांनी माना डोलावल्या. त्यातल्या चौघांना काही कळलं नव्हतं, पण मान डोलवायला कळावं लागतंच असं नाही.

कोडबाईंनी तेवढी मान हलवली नाही. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात दोन गोल होते. एक वाफेच्या लाइनचं ग्राफाइटचं गास्केट, म्हणजे गळू नये म्हणून सांध्यात बसवायची चकती, दुसरं पाण्याच्या लाइनचं रबरी. दोघांमध्ये बाण होता आणि त्याला दोन्हीकडे टोकं होती. बाईंनी त्या बाणाकडे बोट दाखवलं.

“हे कोणी सांगितलं यंत्राला?”

“कोणीच नाही, तेच तर! रबरीच्या जागी ग्राफाइटचं चालतं असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे ग्राफाइटच्या जागी रबरी चालणारच. यंत्रानं निष्कर्ष काढला.”

“नाही चालत,” बाई म्हणाल्या. “वाफेवर रबरी लावलं तर आठवड्यात फाटेल. आणि समोर जो उभा असेल त्याचं तोंड भाजेल.”

बाणवाल्यांनी पडद्यावरचा तो बाण पुन्हा निरखून पाहिला.

पंप, पाइप आणि त्यांचे सुटे भाग बनवणाऱ्यांचा आणि विकत घेणाऱ्यांचा एक संघ होता. त्या संघाच्या कार्यालयात बाई एकतीस वर्षांपूर्वी टंकलेखक म्हणून चिकटल्या आणि पुढं संघाच्या कोडपुस्तकाच्या होऊन गेल्या. कुठल्या भागाला कुठला क्रमांक, त्याचं माप काय, धातू कोणता, दाब किती सोसतो, हे सगळं त्या पुस्तकात असे. अठ्ठावीस कंपन्या त्यावर चालत. बाईंचं खरं नाव पगारपत्रक सोडलं तर कोणाच्या तोंडी नव्हतं. शिपायापासून सरचिटणिसांपर्यंत सगळ्यांच्या त्या कोडबाई.

पुस्तकाचे पहिले सहा रकाने कंपन्या भरून पाठवत. सातवा रकाना बाईंचा. वर लिहिलेलं असे, ‘पर्यायी क्रमांक’. एखाद्या कारखान्यात पंप बंद पडे, हवा तो भाग मिळत नसे, आणि तिथला फिटर हाताला येईल ते बसवून वेळ मारून नेई. मग तो बाईंना फोन करून सांगे. बाई विचारत, काय लावलंत? किती दाबावर? मग डायरीत टिपून ठेवत आणि सहा महिन्यांनी आपण होऊन फोन करत, “अजून टिकलंय का हो?” टिकलं असेल तरच रकान्यात क्रमांक चढे. असे चारशे बारा क्रमांक एकतीस वर्षांत जमले होते. एकेका क्रमांकामागं एकेक माणूस होता, आणि काहींच्या हातावर भाजल्याचे डाग होते.

आता पुस्तक जाऊन ऑन्टॉलॉजी येणार होती. बाणवाल्यांना त्यासाठीच बाहेरून आणलं होतं. पहिल्या दिवशी ती समजावताना म्हणाले होते, “बाई, पुस्तकात वस्तूचा नुसता नंबर आहे. आपण यंत्राला ती वस्तू काय आहे, कशाची बनलीय, कोणाशी तिचं काय नातं आहे, हे सगळं शिकवायचं. मग या कंपनीचं यंत्र त्या कंपनीच्या यंत्राशी परस्पर बोलेल. मधे माणूस नको.” बाईंना तो माणूस आवडला होता. दिवसभर प्रश्न विचारायचा आणि उत्तर नीट ऐकायचा. कोडपुस्तक वाचून काढणारा तो गेल्या दहा वर्षांतला पहिलाच. म्हणूनच त्याच्याकडून ही चूक झाली याचं त्यांना जास्त वाईट वाटलं.

बाणवाल्यांचा चेहरा उतरला होता. “म्हणजे तुमचा रकाना एकतर्फी आहे?”

“अहो, पहिल्यापासून. दोन्हीकडून चालत असेल तर दोन्ही ओळींत लिहिलेलं असतं. हे सगळ्यांना माहीत आहे.”

“मला नव्हतं माहीत, बाई.”

हे ते इतक्या साधेपणानं म्हणाले की बाईंना त्यांच्यावर रागावता येईना.

“पण एका ओळीचं काम आहे,” बाणवाले म्हणाले. “एकीकडचं टोक काढून टाकतो. दहा मिनिटं.”

“थांबा,” सरचिटणीस म्हणाले. ते इतका वेळ मोबाइल बघत होते. “मसुदा समितीत मंजूर झालाय. बाण बदलला की मसुदा बदलला. मसुदा बदलला की पुन्हा अठ्ठावीस सह्या आणि चार महिने. दहा तारखेला उद्घाटन आहे, पाहुणे ठरलेत.”

“साहेब, अहो माणूस भाजेल!”

“बाई, मला सांगा, एकतर्फी आहे असं पुस्तकात कुठं लिहिलंय? दाखवा. मी आत्ता समितीला फोन करतो.”

बाईंनी पुस्तक उघडलं. प्रस्तावनेची चार पानं त्यांना तोंडपाठ होती, तरी त्यांनी ती बोट फिरवत वाचली. मापं कशी घ्यायची ते होतं. सातवा रकाना कसा वाचायचा ते नव्हतं. बाई नोकरीला लागल्या तेव्हाच्या जुन्या मुख्य लिपिकांनी त्यांना ते तोंडी सांगितलं होतं, बाईंनी फिटरांना तोंडी सांगितलं होतं. लिहायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. बाईंनी पुस्तक मिटलं. सरचिटणिसांचा राग आलाच होता, पण त्याहून जास्त स्वतःचा आला.

“एक मार्ग आहे,” सरचिटणीस जरा मवाळ होऊन म्हणाले. “नोंद मागं घ्यायला कोणाची परवानगी लागत नाही. तो अधिकार नोंद सांभाळणाऱ्याचा, म्हणजे तुमचा. रकाना रिकामा करा. दुसऱ्या टप्प्यात सावकाश पुन्हा भरू.”

दुसरा टप्पा कधी येत नाही हे त्या टेबलावर सगळ्यांना ठाऊक होतं. बाई महिनाअखेरीस निवृत्त होणार होत्या, हेही ठाऊक होतं.

“आणि नाही काढल्या तर?”

“तर मंजूर झालंय तसं जाईल.”

संध्याकाळी घरी बाईंनी चहा ठेवला आणि तो उतू गेला. त्यांची थोरली बहीण, निवृत्त परिचारिका, त्यांच्याबरोबरच राहायची. तिनं गॅस बंद केला, फडक्यानं ओटा पुसला आणि खुर्ची ओढून समोर बसली.

“बोल आता.”

बाईंनी सगळं सांगितलं. ताईनं मधे एकदाही तोंड घातलं नाही, हे तिच्या स्वभावाला धरून नव्हतं.

“मग लिहून का नाही ठेवलंस?” शेवटी तिनं विचारलं.

“अगं ताई, सगळ्यांना माहीत होतं!”

“वॉर्डात आम्हीसुद्धा असंच म्हणायचो. एखादीची बदली झाली की कळायचं, कोणालाच माहीत नव्हतं.” मग ताईलाच वाईट वाटलं. “गप्प बस ना. तुझं काय जातंय? महिन्यानं घरीच येणार आहेस. त्यांचं यंत्र, त्यांचं नशीब.”

“आणि कोणी भाजला तर?”

“तू लावायला गेली होतीस का?”

“रकाना माझा आहे.”

ताईनं कपाळाला हात लावला. “काढून टाकलेस तर कोणी भाजणार नाही. पण ज्यांना त्याचा उपयोग होता त्यांचं काय?”

“ते अडून बसतील. पंप बंद राहतील, दिवस दिवस.” बाईंनी पुसलेल्या ओट्याकडे पाहिलं. “एकतीस वर्षं, ताई. मी दुसरं काहीच केलं नाही गं.”

ताईनं चहा पुन्हा टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई यंत्रासमोर बसल्या. शेजारी खुर्ची घेऊन बाणवाले. बाणवाल्यांना एरवी एका झटक्यात सगळं पुसता आलं असतं, पण मंजूर नोंद एकेक करूनच मागं घेता येत होती. बाईंनी पहिली नोंद उघडली आणि ‘मागे घ्या’वर बोट ठेवलं. यंत्रानं कारण विचारलं. तीन कारणं दिली होती. दुहेरी नोंद, कालबाह्य नोंद, चुकीची नोंद.

“यातलं एकही नाही,” बाई म्हणाल्या. “नोंद बरोबर आहे.”

“माहीत आहे मला.”

“मग चौथं कारण घाला की.”

“नवं कारण घातलं की मसुदा बदलतो, बाई.” बाणवाल्यांनी मान खाली घातली. “कालबाह्य म्हणा. त्यातल्या त्यात बरं दिसतं.”

“म्हटलं तर काय होईल?”

“जुन्या साठ्यासाठी ती वर्षभर चालू राहते.”

“दोन्ही टोकांसकट?”

“दोन्ही टोकांसकट.”

बाईंनी ‘चुकीची नोंद’वर बोट दाबलं.

पहिल्या पन्नासांना बराच वेळ लागला, कारण प्रत्येक क्रमांकाला बाईंना माणूस आठवत होता. हा साखर कारखान्यातला, बोलताना अडखळायचा. हा दवाखान्याच्या बॉयलरवरचा. त्यानं रात्रभर जागून व्हॉल्व्ह बसवला आणि सकाळी फोनवर रडला होता. सुरुवातीला बाई बाणवाल्यांना सांगत होत्या, आणि तेही ऐकत होते. दुपारनंतर त्यांनी सांगणं बंद केलं. उघडायची, दाबायचं, चुकीची. उघडायची, दाबायचं, चुकीची. संध्याकाळी मनगट दुखायला लागलं. उरलेलं काम दुसऱ्या दिवसावर गेलं. त्या दिवशी सरचिटणीस एकदा दारातून डोकावले आणि “वा, वेगानं चाललंय” म्हणून गेले. बाईंना आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या तरी थोबाडीत मारावीशी वाटली.

दुपारी तीनच्या सुमाराला चारशे बारावी नोंद गेली. सातवा रकाना वरपासून खालपर्यंत पांढरा झाला. पडद्यावरचा शेवटचा बाणही नाहीसा झाला. गोल मात्र होते तिथंच राहिले.

बाणवाल्यांना काहीतरी चांगलं बोलायचं होतं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

“बाई, एक आहे,” ते म्हणाले. “यंत्र काही विसरत नाही. कुठली नोंद कोणी मागं घेतली, त्याचा इतिहास राहतो. अठ्ठावीस कंपन्यांना तो कधीही बघता येईल. तुमचं नाव त्यात कायमचं राहिलं.”

त्यांनी तो इतिहास उघडून दाखवला. एकाखाली एक ओळी होत्या. क्रमांक, तारीख, पुढं ‘चुकीची नोंद’, आणि त्याच्यापुढं बाईंचं नाव, आडनावासकट पूर्ण. इतक्या वर्षांत कार्यालयात कोणी ते उच्चारलं नव्हतं.

“हो,” बाई म्हणाल्या. “राहिलं खरं.”

मग त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला, खुर्ची पुढं ओढली आणि सवयीनं यादी पहिल्या ओळीपासून तपासायला घेतली. बाणवाले हातात पिशवी घेऊन दाराशी थांबले होते. पाच वाजता बाईंचं तपासून झालं. एकही ओळ सुटली नव्हती.