कासारणीचा नमस्कार

कोवळ्या उन्हात आई दोरीत ओवलेल्या बांगड्या पाटीत रचू लागली, की त्या काचेच्या मंजुळ किणकिणीने कळंबमधली आमची गल्ली जागी व्हायची. आई कासारीण. समोरचीचा पंजा ती हळुवार दाबायची, अंगठ्याचे हाड आत वळवायची आणि लहानातली लहान बांगडी अलगद मनगटात उतरवायची. भरून झाल्या की म्हाताऱ्यासुद्धा रिवाजाप्रमाणे तिला वाकून नमस्कार करायच्या.

नवे पैसे नुकते चालू झाले होते, त्या साली बाबांच्या आजारपणासाठी तिने सावकाराकडून कर्ज काढले. तो रोज सकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसायचा. पैशांचा शब्द काढायचा नाही. पानाने माखलेल्या ओठांनी, बुळबुळीत मायेने विचारायचा, "तब्येत कशी हाय बाई? वाळून राह्यल्या तुमी." त्या आपुलकीची मला अजून शिसारी येते. त्याच्या वहाणांची करकर कोपऱ्यावर ऐकू आली की आईच्या हातातला घास ताटात परत जायचा. झोप तर कधीच उडाली होती. मग हळूहळू बोटांत कंप शिरला. वैद्य म्हणाले, रोग काही नाही.

"मले काय झालं, मलेच समजत नाही," आई म्हणायची. जे झाले होते, ते ओट्यावर पान चघळत बसलेले असायचे.

सावकाराच्या सुनेला सातवा महिना लागला, तेव्हा हिरवा चुडा भरायला त्याने आईलाच बोलावले. मी पाटी धरून शेजारी बसले होते. तो दारात उभा राहून पाहत होता. पहिलीच बांगडी आईच्या कापऱ्या बोटांत कडकन वाढली आणि सुनेच्या मनगटावर रक्ताचा थेंब उमटला. आईने, जिला सगळे गाव वाकायचे तिने, त्या पोरसवदा सुनेच्या पायांवर डोके ठेवले.

"चुकलं माहं, माय."

"राहू द्या हो," सावकार हसला. "तब्येतीले जपा."

मला किळस आली. त्याची आलीच, पण त्याआधी, क्षणभर, आईची आली. उठताना तिने ती माझ्या चेहऱ्यावर वाचली.

त्यानंतर चुड्यासाठी तिला कुणी बोलावले नाही. बरे झाल्यावर बाबांनी आणि मी कापसाच्या जिनिंगमध्ये मजुरी करून कर्ज फेडले, तरी तिच्या बोटांचा कंप गेला नाही. आता सावकार नाही, आईही नाही. काळाने एवढे सगळे नेले, तिच्या हातांचे कसबही माझ्या आठवणीतून पुसट केले. पायांवरून डोके उचलून माझ्याकडे पाहणारी तिची नजर मात्र त्याने नेली नाही.