उरलेली सगळी जागा

"रूटला साठ, स्वॅपला आठ," दाजी पुटपुटले, आणि खोडरबराने आठ खोडून पुन्हा आठच लिहिले.

मी घड्याळ पाहिलं. एका जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स ही सिस्टिम टाकायची, एवढंच काम होतं. माझ्या हाताखालची पोरं चहा निवेपर्यंत असे दोन उरकतात. आणि हे गृहस्थ सकाळपासून चौकटीच्या कागदावर पट्टी धरून हार्ड डिस्कचे रूट, स्वॅप असे भाग पाडून जीबीची वाटणी करत बसले होते, जशी काही भावकीत जमीन वाटायची होती.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. एका कारखान्याच्या गोदामात तेहतीस वर्षं स्टोअरकीपर होते आणि निवृत्त झाले तेही स्टोअरकीपर म्हणूनच. ताई गणितात कायम पहिली येणारी मुलगी. तिच्या पदरी हे ध्यान पडलं, हे माझं मत त्यांच्या लग्नापासूनचं, आणि ते लपवायचे कष्ट मी कधी घेतले नाहीत. मी त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान, पण ते मला अहो-जाहो करत. त्याचीही मला चीड होती. निवृत्तीनंतर त्यांनी हा लिनक्सचा नाद लावून घेतला. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, दुसरं काय!

"दाजी, एकच मोठं पार्टिशन करा. सगळं त्यात टाका. विषय संपला."

"तसंही चालतं हो," ते म्हणाले. "पण उद्या सिस्टिम बिघडली तर ती पुसून पुन्हा टाकावी लागते. सगळं एकाच खोलीत असलं तर हिचं लिखाणही त्याबरोबर जातं. लिखाणाचा भाग, म्हणजे होम, वेगळा ठेवला की बाकी काही पाडा, तो शाबूत."

"बरं."

"फायली मांडायला एक्सटी-फोर पद्धत घेतोय. एक्सएफएसही चांगली, पण ती वाढवता येते, आखडता येत नाही. पुढेमागे जागा कमी करायची झाली तर?"

"कोण करणार आहे कमी?"

त्यांनी खरोखर विचार केला. "कोणी नाही. पण झालीच तर."

असला माणूस!

हिचं लिखाण म्हणजे ताईचं पुस्तक. शाळेत ज्या मुलांना 'ढ' म्हणून मागच्या बाकावर बसवतात, त्यांच्यासाठी ताईने सहा वर्षं खपून अकराशे गणितं रचली होती. प्रत्येकाला स्वतः काढलेली आकृती. प्रकाशकाने ती महिनाअखेर मागितली होती. ते सगळं जुन्या, घरघरणाऱ्या डिस्कवर होतं. दुसरी प्रत ज्या पेन ड्राइव्हवर होती, तो आदल्या आठवड्यात मेला, म्हणून हा सगळा खटाटोप. नवी डिस्क मी आणली होती, जुनीच्याच कंपनीची, त्याच मापाची. दाजींचा बेत असा, की आधी जुन्या डिस्कची वायर काढायची, नवीवर लिनक्स टाकायचं, आणि मगच जुनी जोडून लिखाण उतरवून घ्यायचं. वायर त्यांनी सकाळीच काढली होती.

"होमला उरलेली सगळी जागा द्यावी म्हणतो," ते उठत म्हणाले. "पण हिला विचारून येतो."

स्वयंपाकघरातून त्यांचा आवाज आला. "अगं, पुढच्या दहा वर्षांत तुला किती लिहायचंय?"

"मला काय ठाऊक? आधी हे एक तरी छापून येऊ दे."

"तसं नाही, अंदाजे सांग. मजकूर जास्त की आकृत्या?"

मला हसू आवरेना. बायकोच्या पुढच्या दहा वर्षांचं माप घ्यायला निघाले होते! अशाने रात्र झाली असती. समोर लिनक्स टाकायचा प्रोग्रॅम उघडाच होता आणि त्यात एकुलती एक नवी डिस्क दिसत होती, एसडीए नावाने. मी विचार केला, नंतर पुन्हा कॉम्प्युटरचा डबा उघडून वायर जोडायची ती आत्ताच जोडू. यंत्र बंद केलं, जुन्या डिस्कची वायर खोचली, पुन्हा चालू केलं. आता दोन डिस्का दिसू लागल्या, एसडीए आणि एसडीबी. कंपनी तीच, माप तेच. एसडीए म्हणजे नवी, हे मी मघाशी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. 'संपूर्ण डिस्क पुसून वापरा' यावर टिचकी मारली. यंत्राने विचारलं, नक्की ना? असले प्रश्न दाजींसारख्यांसाठी असतात. मी हो म्हटलं.

यंत्र ही नावं डिस्क पाहून देत नाही, ओळीतल्या जागेवरून देतं. जुनीची जागा पहिली होती. ती परत आल्याबरोबर एसडीए ती झाली, आणि नवी एक पाट मागे सरकली. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. एकोणीस वर्षं मी हेच काम करतो.

"सगळी जागा तिलाच," दाजी खुशीत परत आले. "भूमितीचंही लिहायचंय म्हणते." मग त्यांची नजर उघड्या डब्याकडे गेली, वायरीकडे गेली, आणि पडद्यावर निम्म्यापुढे सरकलेल्या पट्टीवर थांबली. त्यांनी वाकून बटण बंद केलं.

"कुठली निवडलीत?"

"एसडीए."

ते खुर्ची ओढून बसले, आणि पुसलेलं शोधून काढणारा प्रोग्रॅम लावला. दोन तास चालला तो. हाती लागले ते तुकडे. अर्धे त्रिकोण, उत्तरं नसलेली गणितं, नाव-गाव काही नाही. मी शेजारी बसून होतो. त्यांनी एक शिवी दिली असती तर मी दोन दिल्या असत्या आणि मोकळा झालो असतो.

ताई पदराला हात पुसत आली. "झालं का?"

मी तोंड उघडलं होतं, खरंच उघडलं होतं.

"माझ्या हातून गेलं," दाजी म्हणाले. "चुकीची डिस्क पुसली मी." माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"सगळं?"

"बरंचसं."

ताई हळूच पलंगाच्या कडेवर टेकली. मग म्हणाली, "ज्याचं काम त्याला करू द्यायचं सोडून तुम्हाला कोणी सांगितलं होतं नाक खुपसायला? जमतं काय हो तुम्हाला? आयुष्यात एक तरी गोष्ट धड जमलीय?"

ही भाषा ताईची नव्हती, माझी होती. इतकी वर्षं तिच्या कानाशी बडबडून मीच ती तिला शिकवली होती. दाजी मान खाली घालून ऐकत राहिले. दोन शब्द बोललो असतो तर ती भाषा माझ्या अंगावर आली असती. मी बोललो नाही. लाज वाटली म्हणणं सोपं आहे. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं, आणि लाज वाटते ती त्याची.

निघताना ताई दारापर्यंत आली. डोळे लाल होते. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "तू होतास म्हणून निदान तुकडे तरी हाती लागले रे. हे एकटे असते तर तेवढंही गेलं असतं."

"हं," मी म्हणालो.

दोन मजले उतरलो तर मागून चपलांचा आवाज आला. दाजी धापा टाकत येत होते, हातात माझी बॅग.

"राहिली होती तुमची."

"दाजी..."

"सांभाळून उतरा, खाली पायऱ्यांवर पाणी सांडलंय," ते म्हणाले, आणि कठडा धरून एकेक पायरी वर चढू लागले.